सटवाईच्या राईतली पिवळी वाटी

"बुरशीचं एक बरं असतं, तिला रिपोर्टची घाई नसते."

हे वाक्य रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमधली दैवशाला एकदा बोलून गेली. लॅबच्या खिडकीत तोंड घालून एक पेशंट तिसऱ्यांदा "झाला का हो ताई?" विचारत होता, त्याला. पेशंट चिडला नाही. घनसावंगीच्या स्टँडवर जाऊन त्यानं ते चार जणांना ऐकवलं आणि तेव्हापासून ती तालुक्यात बुरशीवाली ताई झाली.

एका डोळ्यानं मायक्रोस्कोपमध्ये बघायची तिला इतकी सवय, की फोटोतही तिचा दुसरा डोळा अर्धा मिटलेला येतो. लग्नाच्या अल्बमात नाही, त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत. दिवसभर तिनं माणसांच्या आतलं बघायचं: रक्त, लघवी, थुंकी, कातडीच्या खपल्या. माणसं बाहेर बाकावर बसलेली असत आणि त्यांचं भय आत तिच्यासमोर काचेवर पसरलेलं असे. भय दिसायला सुंदर असतं, हे तिला लवकर कळलं आणि त्याची तिला लाजही वाटली. जांभळ्या रंगात रंगवलेल्या पांढऱ्या पेशी, त्यांत एखादी वाकडी. ती वाकडी मोजायची, सही करायची, आणि बाकावरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे न बघता कागद पुढं सरकवायचा.

मग लॅबच्या डॉक्टरांनी नवा मायक्रोस्कोप घेतला आणि जुना तिला देऊन टाकला. तो घरी आला त्या पावसाळ्यात चुलीसाठी आणलेल्या उंबराच्या फांदीवर तिला बुरशीच्या नारिंगी बशा दिसल्या, बाजरीच्या दाण्याएवढ्या. सहज म्हणून तिनं एका बशीचा केसाएवढा काप पाण्याच्या थेंबात ठेवला, वर पातळ काच ठेवली, पेन्सिलीच्या मागच्या टोकानं हळूच दाबली आणि डोळा लावला.

आत लांबट काचेच्या थैल्या उभ्या होत्या, एकीला एक लागून. प्रत्येक थैलीत आठ बीजाणू, शेंगेत दाणे असावेत तसे.

दैवशाला बराच वेळ उठली नाही. रक्तात कुणी ओळीत उभं राहत नाही. तिथं सगळी गर्दी, ढकलाढकली. इथं मात्र सडणाऱ्या लाकडावर, कुणी बघायला नसताना, प्रत्येकजण आपापल्या जागी नीट उभा होता.

त्यानंतर ती शिकत गेली. फोनवर एका गटात शिरली, पुण्याच्या एका निवृत्त प्राध्यापकांना फोटो पाठवू लागली. बाहेरून सख्ख्या बहिणी वाटणाऱ्या दोन वाट्या आतून एकमेकींच्या कुणीच नसतात, हे तिला समजलं. नाव बाहेरून ठरत नाही. बीजाणू गोल की लांबट, थैल्यांच्या मधले धागे बोथट की भाल्यासारखे टोकदार, काठावरची लव गुळगुळीत की खरखरीत, आयोडीनचा थेंब दिला तर थैलीचं टोक निळं होतं का, पोटॅशच्या पाण्यात रंग बदलतो का, हे सगळं विचारावं लागतं. आयोडीन आणि पोटॅश दोन्ही लॅबमध्ये होतंच. आयोडीन जंत बघायला, पोटॅश गजकर्णाच्या खपल्या विरघळवायला. डॉक्टर म्हणाले, "न्या थोडं. बुरशी ती बुरशी. ही अंगावरची, ती लाकडावरची."

घरात तिची सासू द्वारकाबाई. सासूला ती मामी म्हणे. मामींनी पहिल्यांदा कडाडून विरोध केला.

"जेवायच्या ताटाशेजारी सडकं लाकूड! लोकाच्या सुना भांडे आणतेत, दागिने आणतेत. आमची सून बुरशी आणती."

"मामी, एकदा बघा तरी दुर्बिणीतून."

"मला न्हाई बघायचं. जे उघड्या डोळ्यांनी दिसंना, ते देवानं झाकून ठिवलेलं असतं."

पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यांच्या डोळ्यांना अशी धार आली, की घरात बसवेना. दर शुक्रवारी त्या गोदाकाठच्या सटवाईच्या राईत हळदीकुंकू वाहायला जात. तिथून येताना पदराच्या गाठीत काहीतरी आणू लागल्या. साल, काटकी, कधी वाळलेलं शेण. "हे बघ ग, यावर हाय का तुझं काही?" असं म्हणून त्या गाठ सोडायच्या आणि काही सापडेपर्यंत तिथून हलायच्या नाहीत. दुर्बिणीला मात्र डोळा लावला नाही. तो हट्ट राहिला.

भादव्यातल्या एका शुक्रवारी त्या धावत आल्या. या वयात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उतरून, धावत.

"दैवशे! सटवाईच्या पायाशी सापडली. उंबराच्या काटकीवर. पिवळी धमक!"

खरंच पिवळ्या होत्या. दाट लव असलेल्या, आखूड दांड्यावरच्या वाट्या. सोन्याची भांडी घासून पालथी ठेवावीत तशा काही, काही उताण्या. दैवशालानं एक काप घेतला आणि पोटॅशचा थेंब सोडला.

थेंब लाल झाला.

थेट रक्तासारखा. काठावरच्या लवेतून लाली सुटली आणि काचेखाली पसरत गेली. आयुष्यभर लाल बघितलेली बाई ती. पण लाकडाच्या पोटातून आलेलं लाल ती पहिल्यांदा बघत होती. दुसऱ्या कापाला आयोडीन दिलं तर निळंही भरपूर. तिनं फोटो काढले आणि पुण्याला पाठवले.

सरांचं उत्तर सावध होतं. लव पोटॅशमध्ये रंग बदलते अशा काही जाती आहेत, पण असा लाल मी पाहिलेला नाही. वेगळी निघू शकेल. ताजा नमुना लागेल, बीजाणूंची मापं लागतील, आणि इतक्यात कुणाला सांगू नका. शेवटी त्यांनी लिहिलं होतं, नवी जात ठरली तर शोधणाऱ्या व्यक्तीचं नाव त्या जातीला देता येतं.

दैवशालाचा नवरा बद्रीनाथ घनसावंगी-अंबड काळी-पिवळी जीप चालवतो. त्या जीपमध्ये पंधरा माणसं, दोन बकऱ्या आणि खताची पोती बसतात. पण कुणाला सांगू नका, ही सरांची अट तेवढी बसली नाही. आठवडाभरात अंकुशनगरच्या कारखान्यापर्यंत सगळ्यांना कळलं, की बद्रीनाथच्या मायच्या नावाची बुरशी निघाली.

"म्हंजे काय आजार हाय का रं त्यो?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"आजार न्हाई बाबा. शास्त्र हाय. दुनियाभर पुस्तकात छापून येणार. द्वारकाबाई!"

"पहिल्यांदाच ऐकलं बाबा तुझ्या मायचं नाव."

बद्रीनाथनं हे घरी येऊन हसत हसत सांगितलं. द्वारकाबाई हसल्या नाहीत. त्या रात्रीच्या भाकरी थापत होत्या. थापता थापता म्हणाल्या, "बराबर हाय त्याचं. माहेरी मी थोरली. हितं आले तर बाबुरावची बायको. मंग बद्रीची माय. घर तुझ्या बापाच्या नावावर, वावर तुझ्या नावावर. राशन कार्डावर नाव हाय, तर त्ये बी 'दारकाबाय' लिव्हलंय." भाकरी तव्यावर टाकून त्यांनी तिच्यावर पाणी फिरवलं. "बुरशी तर बुरशी. एक चीज आपल्या नावाची असावी माणसाची."

त्या सुखानं बोलल्या. दैवशालाला मात्र सरांचं 'निघू शकेल' आठवलं.

रविवारी मारुतीच्या सभामंडपात सत्कार ठरला. फ्लेक्स लागला. त्यावर नऊवारीतल्या द्वारकाबाई, पाठीमागं मायक्रोस्कोपमधून काढलेल्या वाटीचा मोठा केलेला फोटो, लांबून सोललेल्या फणसासारखा दिसणारा, आणि खाली शुभेच्छुक म्हणून जीपच्या लाइनमधल्या सगळ्या ड्रायव्हरांचे गॉगल लावलेले चेहरे.

सत्काराच्या दोन दिवस आधी लॅबमध्ये कडूबा आला. कंबरेला गजकर्ण झालेला हा गडी खाजवून खाजवून बेजार झाला होता. खपली खरवडण्याआधी जागा स्पिरिटनं पुसायची, ही दैवशालाची नोकरीतली पहिल्या दिवसापासूनची रीत. तिनं बोळा भिजवला.

"ओ ताई, त्ये नका! मागल्या बारीला लावलं तर नाचत गेल्तो स्टँडवर. तसंच घ्या न."

"पुसावं लागतं, भाऊ."

"तुमच्या सासूबाईची शपथ!"

तिला हसू आलं आणि तिनं बोळा बाजूला ठेवला. खपली खरवडली, काचेवर घेतली, पोटॅशचा थेंब सोडला.

थेंब लाल झाला.

ती बघतच राहिली. तेच लाल. तसंच काठातून सुटून पसरणारं. एक क्षण तिला वाटलं, सटवाईच्या राईतली बुरशी कडूबाच्या कंबरेवर उगवली. मग तिनं अगदी हळू आवाजात विचारलं, "भाऊ, काय लावलंय याला?"

"काय न्हाई. घरचा इलाज. रोज हळद लावून राह्यलो."

लॅबमधला पंखा फिरत होता. बाकावरचं एक पोर रडत होतं. दैवशालाला आठवला तो शुक्रवार, ती पदराची गाठ, सटवाईला हळद वाहून आलेली मामींची पिवळीजर्द बोटं. प्रत्येक पेशंटला ती आधी विचारते, उपाशी पोटी आलात का, काही औषध घेतलं का, काही लावलं का. सासूला विचारलं नव्हतं. आपल्या माणसानं आणलेला नमुना तिनं न पुसता काचेवर घेतला होता.

घरी गेल्यावर तिनं मिसळणाच्या डब्यातली चिमूटभर हळद काचेवर घेतली. पोटॅश दिलं: लाल. दुसऱ्या चिमटीला आयोडीन दिलं: निळे गोळे. हळदीतला स्टार्च. हे गोळे तिनं तेव्हाही बघितले होते, थैल्यांच्या बाहेर, भलत्याच जागी. पण जे बघायचं ठरवलेलं असतं, त्याच्या बाहेरचं डोळा बघत नाही. मग तिनं जपून ठेवलेली उंबराची काटकी उलटी केली. खालच्या बाजूला, सालीच्या फटीत, जिथं कुणाचं बोट पोचलं नव्हतं, तिथं एकच वाटी होती.

पांढरीशुभ्र.

तिला पोटॅश दिलं. काही झालं नाही. आयोडीन दिलं तर प्रत्येक थैलीच्या टोकाला निळा ठिपका, टिकली लावावी एवढाच. थैल्यांमधले धागे भाल्यासारखे, थैल्यांच्या वर टोकं काढून उभे. काठाच्या लवेवर बारीक कण, साखर भुरभुरल्यासारखे. लॅक्नम नावाच्या बुरशीच्या कुळातली ही. जगात कुजक्या काड्यांवर या कुळाच्या वाट्या पुष्कळ सापडतात. सुंदर होती. पण सोन्याची नव्हती.

बद्रीनाथला तिनं अंगणातच गाठलं. त्यानं सगळं ऐकून जीपच्या बॉनेटला टेका दिला.

"फ्लेक्स लागला की ग."

"हो."

"सरपंचानं शाल आणली. मंडपवाल्याला खुर्च्या सांगितल्या. आता कोण बघायला बसलंय तुझ्या पोटॅशमध्ये? होऊन जाऊ दे. मंग सांग सावकाश, दिवाळी झाल्यावर."

"अहो, मी रोज सही करते. चुकलेल्या रिपोर्टवर सही करून दिवाळी कशी करायची?"

"अन् मायला कोण सांगणार?"

ती आत निघाली. घरात द्वारकाबाई नऊवारीच्या निऱ्या घालून बघत होत्या. आरशासमोर उभं राहून स्वतःशीच, पोरीनं पाढे म्हणावेत तसं, त्या आपलं पूर्ण नाव म्हणत होत्या. दैवशाला दारापर्यंत गेली आणि परत फिरली. शनिवारी पुन्हा गेली. मामी म्हणाल्या, "बरं झालं आलीस, ही पिन लाव माय." तिनं पिन लावली. मामींच्या खांद्याचं हाड हाताला लागलं, पाखरासारखं. सांगायचं पुन्हा राहिलं.

पुण्याच्या सरांना मात्र तिनं त्याच दिवशी कळवलं. त्यांनी उलट लिहिलं, "छान. हळदीचं मलाही सुचलं नाही. पांढऱ्या वाटीचा ताजा, स्वच्छ नमुना वाळवून पाठवा. पाकिटावर ठिकाण, झाड, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं पूर्ण नाव घाला. जात जुनी असो की नवी, ते नाव पाकिटावर कायम राहतं."

हे तिनं तीनदा वाचलं.

रविवारी सभामंडप भरला. सरपंच आदिनाथरावांनी द्वारकाबाईंना शाल पांघरवली, नारळ दिला आणि भाषणात बुरशीचा संबंध गावाच्या पाणीपुरवठा योजनेशी जोडून दाखवला. मग ते म्हणाले, "आता ताई आपल्याला मशीन दाखवतील." टेबलावर तिनं जुना मायक्रोस्कोप आणून ठेवला होता.

दैवशाला उभी राहिली. माइक तिनं हातात घेतला नाही. सत्काराच्या ताटातली चिमूटभर हळद उचलून तिनं काचेच्या बशीत टाकली आणि वर पोटॅश ओतलं. बशी वर धरली. पिवळं लाल झालं. पुढच्या रांगेतून "आँ!" आलं.

"मामींनी आणलेली वाटी अशीच लाल झाली होती," ती म्हणाली. "मी समजले बुरशी लाल झाली. ती हळद होती. मी विचारायला पाहिजे होतं, मी विचारलं नाही. चूक माझी आहे. नवीन काही सापडलेलं नाही."

सभामंडपात कबुतरांचा आवाज ऐकू येऊ लागला. बद्रीनाथ फ्लेक्सच्या दोरीकडे बघत राहिला. द्वारकाबाईंनी आपली बोटं डोळ्यांसमोर धरली. आजही ती पिवळी होती; सत्काराआधी त्या सटवाईला जाऊन आल्या होत्या. त्यांनी बोटं बघितली, लाल बशी बघितली, पुन्हा बोटं बघितली.

"म्हंजे माझ्या बोटाची हळद व्हय ग ती?"

"हो, मामी."

"अन् बुरशी?"

"ती पांढरी आहे."

द्वारकाबाईंच्या खांद्यावरची शाल हलायला लागली. आधी वाटलं रडतायत. मग त्यांनी पदर तोंडात कोंबला, तरी हसू बाहेर आलंच. "अग माय माय! गोऱ्या पोरीला धरून हळद लावली की मी! लग्नच लावलं तिचं!"

"मंग काय!" मागून एक बाई ओरडली. "हळद लागली, आता नाव बदलावंच लागन!"

मंडप हशानं फुटला. आदिनाथराव हसता हसता खुर्चीवर ठेवलेल्या नारळावरच बसले. कडूबा उठून कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "ताई, लाल तर माझं गजकर्ण बी झाल्तं! मंग त्येला बी माझं नाव द्या की!"

"बस खाली," द्वारकाबाई म्हणाल्या, "तुझं नाव तर आधीच गावभर झालंय."

हसू ओसरत आलं तेव्हा त्या उठल्या. शाल सावरत टेबलापाशी आल्या. इतकी वर्षं नाही म्हटलेल्या दुर्बिणीवर वाकल्या. दैवशालानं काच आधीच लावून ठेवली होती, त्या एका पांढऱ्या वाटीची. तिनं सासूच्या डोळ्यासाठी चाक हळूहळू फिरवलं.

"दिसलं का?"

"धुकं हाय... थांब. थांब! काचेच्या शेंगा हायेत ग. उभ्या." मग त्या ओठांतल्या ओठांत मोजायला लागल्या. पुढच्या रांगेनं माना पुढं काढल्या. "आठ. हिच्यात बी आठ. ह्या पलीकडच्या शेंगत बी आठच. कुणी भरलं असल ग इतकं नीट, अंधारात बसून?" त्या डोळा न काढताच म्हणाल्या, "सटवाई पोराच्या कपाळावर लिव्हते म्हणतेत. ह्येंचं बी तीच लिव्हत असल."

दैवशाला त्यांच्या कानाशी वाकली आणि पाकिटाचं सांगितलं. आत हळद न लागलेला ताजा नमुना, वर ठिकाण, झाड, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं पूर्ण नाव.

द्वारकाबाईंनी डोळा काढला. कपाळावर, भुवईपाशी, नळीचा अर्धा गोल उमटला होता.

"जुनी निघाली तरी?"

"तरी."

"मिटणार न्हाई?"

"नाही."

"अन् दारकाबाय न्हाई लिव्हायचं."

"मी लिहिणार आहे, मामी."

त्या सभामंडपाबाहेर गेल्या. लोकांनी मान वळवून बघितलं. बाहेरच्या नळावर त्यांनी साबण मागून घेतला आणि हात धुतले. बोटं, नखं, नखांच्या कडा, मनगटं. पुन्हा धुतले. त्यांच्याच शालीनं हात पुसून द्यायला कुणीतरी पुढं झालं तर ओरडल्या, "शालीला हात लावू नको, तिच्यावर बी कुंकू हाय!"

आत आदिनाथरावांनी नारळ काखेत धरून माइक पुढं केला. "तर मंडळी, सत्कार बिलकुल वाया गेला न्हाई. आता दैवशालाताई आपल्याला विज्ञानाचे दोन शब्द सांगतील. बोला ताई."

दैवशालानं माइककडे बघितलं. मग दाराकडे. दारात उन्हात द्वारकाबाई उभ्या होत्या. दोन्ही ओले हात त्यांनी हवेत उंच धरले होते, कशालाही लागू नयेत म्हणून, आणि बोटांवरून पाणी कोपरापर्यंत निथळत होतं. बद्रीनाथ जीपकडे पळाला होता. इंजिनाचा आवाज आला.

टेबलाखालचा रिकामा जेवणाचा डबा दैवशालानं उचलला. झाकण उघडून आत फुंकर मारली, आतला कागद नीट केला, झाकण लावलं. सरपंचांच्या हातातला माइक, रांगेतली माणसं, फ्लेक्सवरचा फणस, सगळ्यांमधून वाट काढत ती दारापर्यंत गेली. चपला पायात सरकवल्या आणि सटवाईच्या राईला जायला बाहेर पडली.